तिकिटाच्या दरातून पोस्टमनचा पगार निघतो का?

लखोटा (धागाकर्ता)

परवा दुसऱ्या एका चर्चेत "सरकारी टपाल म्हणजे करदात्याने पोसलेला पांढरा हत्ती" असं वाक्य वाचलं. तिथला विषय वेगळा होता म्हणून बोललो नाही, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. सरकारी टपाल महाग की स्वस्त, हे ठरवण्याआधी त्याचा हिशेब कसा चालतो ते बघायला हवं असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा धागा.

सुरुवात १८४० पासून करतो. त्याआधी ब्रिटनमध्ये पत्राचं हशील अंतरावर आणि आतल्या कागदांच्या संख्येवर ठरायचं, आणि पैसे बहुतेक वेळा घेणाऱ्याने द्यायचे. आपण ज्याला नॉटपेड म्हणायचो, तोच तेव्हाचा सर्रास प्रकार. पत्र आलं की पोस्टमनने दारात उभं राहायचं, हिशेब सांगायचा, पैसे मोजून घ्यायचे. कुणी पत्र नाकारलं तर ते परत न्यायचं, म्हणजे सगळी पायपीट फुकट. रोलंड हिल या गृहस्थांनी हा खर्च मुळापासून मांडला. लंडनहून एडिंबरापर्यंत एक पत्र नुसतं वाहून न्यायला एका पेनीचा छत्तिसावा भाग खर्च येतो, असं त्यांनी १८३७ मध्ये दाखवून दिलं. म्हणजे खर्च अंतराचा नव्हताच. तो होता पत्र गोळा करण्याचा, हिशेब ठेवण्याचा आणि दारापर्यंत पोचवण्याचा. मग अंतरानुसार दर ठेवायचे कशाला? १० जानेवारी १८४० पासून देशभर एकच दर लागू झाला, एक पेनी, आणि त्याच मे महिन्यात चिकटवायचं तिकीट आलं. १८३९ मध्ये साधारण साडेसात कोटी पत्रं गेली होती, १८४० मध्ये जवळजवळ सतरा कोटी. निव्वळ उत्पन्न मात्र दणकन खाली आलं आणि पूर्वीच्या पातळीला यायला कित्येक वर्षं लागली. हे दुसरं वाक्य बरेचदा कुणी सांगत नाही.

आता यातली मेख. सगळीकडे एकच दर म्हटला की शहरातल्या एका इमारतीत पन्नास पत्रं टाकणं आणि डोंगरातल्या एकट्या घरी एक पत्र नेणं, दोन्हीचे पैसे सारखेच. पहिल्यात भरपूर सुटतात, दुसऱ्यात पदरचे जातात. पहिल्यातले पैसे दुसऱ्यात घालायचे, ही सरकारी टपालाची जुनी रीत. पण कुणीही येऊन फक्त पहिलं काम उचललं तर साय तो नेणार आणि खालचं पाणी टपाल खात्याकडे राहणार. म्हणूनच बहुतेक देशांनी पत्रांच्या वाहतुकीचा मक्ता कायद्याने सरकारकडे ठेवला. भारतात १८९८ च्या कायद्याच्या चौथ्या कलमात तो होता. २०२३ च्या नव्या कायद्यात ते कलम राहिलं नाही, आणि हा कायदा १८ जून २०२४ पासून लागू आहे.

दूरच्या घराच्या पत्राचा तोटा भरायला माझ्या मते चारच जागा आहेत. एक तर तिकिटाचा दर वाढवा. नाहीतर सरकारी तिजोरीतून द्या. किंवा दुसऱ्या ग्राहकाकडून, म्हणजे शहरातल्या किंवा पार्सलवाल्या किंवा बचत खातेवाल्या ग्राहकाकडून काढा. आणि चौथी जागा पोस्टमनचा पगार. पहिल्या तीन जागांवर वाद होतात, अग्रलेख येतात. चौथी जागा गुपचूप वापरली जाते, आणि मला बोलायचंय ते तिच्याबद्दल.

---

सरळरेषा

चांगला धागा. मांडणी पटली, निष्कर्ष पटला नाही.

मक्त्याचं समर्थन करताना मक्ता असताना दर काय होते ते विसरू नका. अमेरिकेत १८४४ मध्ये लायसँडर स्पूनर यांनी खाजगी पत्रवाहतूक कंपनी काढली आणि सरकारी टपालापेक्षा कितीतरी कमी पैशात मोठ्या शहरांमध्ये पत्रं पोचवायला सुरुवात केली. सरकारने त्यांच्यावर कज्जे लावून कंपनी बंद पाडली हे खरं, पण १८४५ मध्ये ३०० मैलांपर्यंतच्या पत्राचा दर ५ सेंटवर आणावा लागला आणि १८५१ मध्ये आणखी खाली, ३ सेंटवर. स्पर्धकाच्या दाराशी येण्यानेच दर उतरले. स्पर्धक नसता तर कुणाला घाई होती?

आणि आता तर पत्रच उरलं नाही. डेन्मार्कमध्ये चारशे वर्षांची परंपरा असलेल्या टपालाने ३० डिसेंबर २०२५ ला शेवटची पत्रं वाटली आणि लाल पेट्या काढून टाकल्या. २००० सालापासून तिथली पत्रं नव्वद टक्क्यांहून जास्त घटली होती. ज्या वस्तूला गिऱ्हाईक नाही तिच्यासाठी एवढी मोठी यंत्रणा आणि एवढे पगार कुणाच्या खिशातून चालू ठेवायचे, हा प्रश्न विचारण्यात गैर काय?

---

बटवडा_२२

माझी बावीस वर्षं या खात्यात गेली. आधी सॉर्टिंग, मग बटवडा. हिशेबाचं मोठं चित्र मला कळत नाही, पण एक गोष्ट बाहेरून दिसत नाही ती सांगतो.

सकाळी थैल्या फुटल्या की आधी टपाल बीटनिहाय लागतं (बीट म्हणजे एका पोस्टमनने रोज फिरायचा भाग). मग आपल्या बीटचं टपाल आपण चालायच्या क्रमाने लावायचं, ही गल्ली, मग ते वळण, मग तो जिना. रजिस्टर आणि पार्सलं वेगळी, त्यांच्या सह्या वेगळ्या. हे सगळं झाल्यावर पाय डाकघराबाहेर पडतो. आता समजा बीटवर ५०० दारं आहेत आणि ८०० पत्रं आहेत. उद्या पत्रं ४०० झाली तर काम निम्मं होतं का? लावायचा वेळ थोडा वाचतो. चालणं तेवढंच राहतं, कारण निम्म्या दारांना एखादं तरी पत्र असतंच आणि ती दारं रस्ताभर विखुरलेली असतात. म्हणजे एका पत्रामागचा खर्च जवळपास दुप्पट होतो. वरचे लोक म्हणतात उत्पादकता घटली. पोस्टमन तर तेवढाच चाललेला असतो.

"पत्र घटलं म्हणजे माणूस कमी करा" असं वाटणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. माणूस कमी केला की बीट जोडली जातात, ५०० च्या जागी ९०० दारं होतात, आणि बटवडा रोजचा एक दिवसाआड होतो.

---

हिशेबनीस

बटवडा_२२ यांनी जे सांगितलं ते अर्थशास्त्रात मोठ्या नावाने शिकवतात, पण त्यांच्या शब्दांत जास्त स्पष्ट कळलं. आकड्यांची थोडी भर घालतो, उदाहरण अमेरिकेचं, कारण तिथे सगळं कायद्यात लिहून ठेवलेलं असल्यामुळे दिसतं.

पगार आधी. १९७० च्या मार्चमध्ये तिथे पोस्टमनची सुरुवातीची वर्षाची कमाई ६,१७६ डॉलर होती, आणि पगाराच्या शेवटच्या पायरीला, म्हणजे ८,४४२ डॉलरला, पोचायला २१ वर्षं लागायची. न्यूयॉर्कसारख्या महागड्या शहरात पूर्णवेळ सरकारी नोकरी असूनही काही कुटुंबं सरकारी मदतीला पात्र ठरत होती. संप बेकायदा होता, तरी १८ मार्चला न्यूयॉर्कमध्ये पत्रवाटप थांबलं आणि बघता बघता देशभर दोन लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी न्यूयॉर्कचं टपाल लावायला सैनिक पाठवले. पण पत्रं लावणं हे कौशल्याचं काम आहे, ते सैनिकांना काही जमलं नाही. आठवड्याभरात संप मिटला. पगार आधी ६ टक्के आणि पुनर्रचनेबरोबर आणखी ८ टक्के वाढला, आणि शेवटच्या पायरीला पोचायची मुदत २१ वर्षांवरून ८ वर्षांवर आली.

त्याच वर्षीच्या कायद्याने टपाल खातं मंत्रिमंडळातून बाहेर काढलं आणि आपल्या कमाईवर चालायला सांगितलं. संघटनांना पगाराच्या वाटाघाटीचा हक्क मिळाला, संपाचा नाही. तडजोड झाली नाही तर लवादाचा निर्णय बंधनकारक. कायमस्वरूपी कामगारांच्या करारांत महागाई निर्देशांकाला जोडलेली वाढही आली. म्हणजे बाजारात किमती वाढल्या की पगार वाढतो. एकूण खर्चाचा साधारण तीन-चतुर्थांश भाग मनुष्यबळाचा असल्यामुळे पगार वाढला की खर्च वाढलाच.

आता दर. २००६ च्या कायद्याने पत्रासारख्या, ग्राहकाला फारसा पर्याय नसलेल्या सेवांच्या दरवाढीवर महागाई निर्देशांकाचीच मर्यादा घातली. कागदावर बरोबर वाटतं: पगार निर्देशांकाला, दरही निर्देशांकाला. पण पत्रं घटत होती. पहिल्या वर्गाची पत्रं २००१ मध्ये १०३ अब्जांच्या वर होती, ती पुढे निम्म्यापेक्षा खाली आली, आणि पत्ते मात्र दरवर्षी वाढत राहिले. दरवाढीला मर्यादा, पत्त्यांना नाही. त्यात निवृत्तांच्या आरोग्यखर्चासाठी वर्षाला साडेपाच अब्ज डॉलरच्या घरात आगाऊ रक्कम बाजूला टाकण्याची सक्तीही त्याच कायद्याने केली. वर्षानुवर्षं दिसलेल्या तोट्यातला मोठा वाटा या एका कलमाचा होता. २०२२ मध्ये ते रद्द झालं.

एक दुर्मीळ घटना सांगतो. मंदीची भरपाई म्हणून जानेवारी २०१४ मध्ये मर्यादेबाहेर ४.३ टक्के तात्पुरती वाढ मिळाली होती. मुदत संपल्यावर एप्रिल २०१६ मध्ये तिकीट ४९ सेंटवरून ४७ सेंटवर उतरलं. सरकारी सेवेचा दर खरोखर कमी झाला! पुढे २०२० च्या अखेरीस नियामकाने घटत्या संख्येसाठी जादा वाढीची मुभा दिली आणि तिकीट २०२१ च्या सुरुवातीच्या ५५ सेंटवरून जुलै २०२५ मध्ये ७८ सेंटवर गेलं.

---

पानगळ

हिशेबनीस, फार उपयोगी प्रतिसाद. त्याच देशात २००७ पासून 'कायमचं' तिकीट मिळतं ना, ज्यावर किंमत छापलेली नसते? ४१ सेंटला घेतलेलं तिकीट आजही चालतं. माझ्या मते तो टपालाने ग्राहकाला दिलेला फार प्रामाणिक शब्द आहे.

डेन्मार्कबद्दल एक विचारायचंय. पत्र गेलं ते ठीक, पण ज्यांना रुग्णालयाची वेळ, कोर्टाची नोटीस कागदावरच कळते त्यांचं काय?

---

लखोटा (धागाकर्ता)

पानगळ, पत्र पूर्ण गेलेलं नाही. काम दुसऱ्या खाजगी कंपनीकडे गेलं आहे. पण दरावर काय परिणाम झाला ते बघा. २०२४ च्या सुरुवातीला सर्वांना सेवा देण्याचं बंधन कायद्यातून काढलं, त्याचबरोबर पत्रावर २५ टक्के मूल्यवर्धित कर आला, आणि साध्या पत्राचा दर २९ क्रोनर झाला. पत्र महाग झालं म्हणून लोकांनी आणखी कमी पाठवली. आधीच उतार होता, त्याला धक्का दिला.

सरळरेषा, स्पूनरचं उदाहरण मान्य. मक्ता असला की आळस येतो, दर चढे राहतात. पण स्पर्धा आली की ती कशावर होते, हा माझा प्रश्न आहे. यंत्रांवर, मार्गांच्या आखणीवर झाली तर सगळ्यांचंच भलं. पण बटवड्यात यंत्राला वाव थोडा. शेवटी माणूस चालतो. मग स्पर्धा चालणाऱ्याच्या मजुरीवर येते.

जर्मनीचं बघा. १ जानेवारी २००८ ला तिथला पत्रांचा उरलेला मक्ता संपणार होता. नवे स्पर्धक तयार होते आणि त्यांचे पगार जुन्या टपालापेक्षा बरेच कमी होते. मक्ता संपायच्या तोंडावर, डिसेंबर २००७ मध्ये, संसदेने पत्रवाटपासाठी किमान वेतनाला मंजुरी दिली, कामानुसार आणि प्रदेशानुसार तासाला ८ ते ९.८० युरो. तेव्हा तिथे देशभरासाठी सर्वसाधारण किमान वेतन नव्हतं. 'पिन ग्रुप' नावाची मोठी स्पर्धक कंपनी लगेच डबघाईला आली. तिचा धंदाच स्वस्त मजुरीवर उभा होता, असं एक बाजू म्हणाली. दुसरी बाजू म्हणाली की जुन्या टपालाने आपला मक्ता वाचवायला हे वेतन घडवून आणलं. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं. २०१० च्या जानेवारीत तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ते वेतन रद्द ठरवलं, कारण स्पर्धकांना आपलं म्हणणं मांडायची पुरेशी संधी दिली नव्हती. म्हणजे निकाल पद्धतीवर झाला. मजुरी किती असावी हा प्रश्न तसाच राहिला.

---

सरळरेषा

जर्मनीत जुन्या टपालाला पत्रांवर मूल्यवर्धित कर नव्हता आणि स्पर्धकाला होता, हेही सांगा. २०१० पर्यंत ते चाललं. एकाच्या पायात बेडी आणि दुसरा मोकळा, अशा शर्यतीत मजुरीवर ताण येणारच. दोष स्पर्धेचा नाही.

---

लखोटा (धागाकर्ता)

बरोबर. ते मी लिहायला हवं होतं. पण त्या सवलतीच्या बदल्यात जुन्या टपालावर देशभर सेवा देण्याचं ओझं होतं, हेही तितकंच खरं. त्या ओझ्याची किंमत सवलतीपेक्षा जास्त की कमी, यावर तिथले अर्थतज्ज्ञ भांडत राहिले.

---

दूरस्थ

सगळे पत्रावर बोलताय. बाजारातल्या किमतींवर टपालाचा सगळ्यात मोठा परिणाम पार्सलातून झाला असं मला वाटतं.

अमेरिकेत १९१३ पर्यंत सरकारी टपाल ४ पौंडांपेक्षा जड पुडकं घेतच नसे. त्यावरचं सगळं काही मोजक्या खाजगी एक्स्प्रेस कंपन्यांच्या हातात होतं आणि खेड्यांपर्यंत त्या जायच्याच असं नाही. १ जानेवारी १९१३ ला सरकारी पार्सल सेवा सुरू झाली, सुरुवातीला ११ पौंडांपर्यंत. कॅटलॉग बघून माल मागवणाऱ्या शेतकऱ्याला शहराचा भाव घरबसल्या मिळायला लागला. गावातला एकटा दुकानदार सांगेल ती किंमत, हे दिवस सरले. त्या दुकानदारांनी या सेवेला कडाडून विरोध केला होता, आणि त्यांची भीती खरी होती.

उलट दिशेचं उदाहरणही आहे. आंतरराष्ट्रीय टपाल संघ १८७४ मध्ये बर्नला स्थापन झाला. परदेशातून आलेलं टपाल दारात पोचवण्याबद्दल पाठवणाऱ्या देशाने पोचवणाऱ्या देशाला ठराविक पैसे द्यायचे, ही पद्धत १९६९ पासून आहे. विकसनशील देशांना हे दर कमी ठेवलेले. ऑनलाइन खरेदी आल्यावर याच दरांत चीनमधून छोट्या पुडक्यांचा पूर लोटला. कित्येकदा चीनहून अमेरिकेत पुडकं पाठवणं अमेरिकेतल्या एका शहरातून दुसऱ्यात पाठवण्यापेक्षा स्वस्त पडे. ग्राहक खूश, तिथला छोटा उत्पादक हैराण. २०१८ मध्ये अमेरिकेने संघ सोडण्याची नोटीस दिली, २०१९ मध्ये जिनिव्हात तडजोड झाली आणि २०२० च्या जुलैपासून काही देशांना आपले दर स्वतः ठरवायची मुभा मिळाली. टपालाचा एक तांत्रिक दर दोन देशांतल्या दुकानदारांचं नफा-नुकसान ठरवतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट उमगलं.

---

बटवडा_२२

लखोटा, तुम्ही ज्या चौथ्या जागेबद्दल लिहिलंत ती मी फार जवळून पाहिली आहे.

भारतात शाखा डाकघरं चालवणारे ग्रामीण डाक सेवक नियमित सरकारी कर्मचारी धरले जात नाहीत. काम दिवसाचे चार-पाच तास असं गृहीत, म्हणून मोबदलाही वेळेशी निगडित भत्ता. पोट भरायला दुसरं साधन असलं पाहिजे अशी अटच आहे. पोस्टकार्डाचा दर वर्षानुवर्षं ५० पैसे राहिला आणि ते पोचवायचा खर्च त्याच्या कितीतरी पट, ही तफावत ज्यांच्या अर्धवेळ मोबदल्याने सुसह्य झाली त्यांत हे लोक आहेत. २०१८ मध्ये त्यांनी १६ दिवसांचा संप केला तेव्हा कुठे मोबदला सुधारण्याचा निर्णय झाला.

आणि हे एकाच देशात नाही. अमेरिकेत कायमस्वरूपी पोस्टमनच्या शेजारी कमी पगाराचे साहाय्यक तेच टपाल वाटतात. नेदरलँड्समध्ये २००९ ला बाजार खुला झाल्यावर नव्या कंपन्यांनी नगावर मजुरी दिली, शेवटी सरकारला ठराविक प्रमाणात नोकरीचे करार सक्तीचे करावे लागले. गणवेश सारखा, थैली सारखी, दार सारखं. पगारपत्रक मात्र वेगळं. एकाच टेबलावर टपाल लावताना हे दोघांनाही माहीत असतं, आणि ते वागण्यात उतरतं.

---

हिशेबनीस

यातला एक धागा पुढे नेतो. सरकारी टपालाचा पगार आसपासच्या खाजगी पगारावर परिणाम करतो तो दोन प्रकारे. चांगला असेल तर त्या कौशल्याच्या माणसाला "तिथे एवढे मिळतात" असं मालकाला सांगता येतं. अमेरिकेत कृष्णवर्णीय कुटुंबांच्या कित्येक पिढ्यांना, जेव्हा खाजगी कचेऱ्या दारात उभं करत नव्हत्या तेव्हा, टपालाच्या नोकरीने घर घेऊन दिलं, मुलं शिकवली. हा परिणाम टपालाच्या ताळेबंदात कुठेच दिसत नाही. आणि पगार दोन थरांत फोडला तर खालचा थरच हळूहळू बाजाराचं माप होतो.

---

सरळरेषा

इथवरचं वाचून माझं मत थोडं हललं, हे मान्य करतो. स्पर्धा हवीच, पण मजुरीचा तळ आधी बांधून मग दार उघडा, हे जर्मनीवरून पटलं.

माझा आग्रह मात्र एका गोष्टीचा राहील. दूरच्या घराचा तोटा सरकारी तिजोरीतून उघडपणे द्या, अर्थसंकल्पात ओळ लिहून. शहरातल्या ग्राहकाच्या तिकिटात किंवा डाक सेवकाच्या भत्त्यात दडवू नका. उघड रक्कम असली तर तिच्यावर चर्चा होईल, मतदान होईल.

---

लखोटा (धागाकर्ता)

सरळरेषा, तत्त्व म्हणून हे मलाही मान्य आहे. भीती एवढीच की उघड लिहिलेली ओळ एका रात्रीत खोडता येते. न्यूझीलंडमध्ये १९८७ ला टपाल खात्याची स्वतंत्र कंपनी झाली, तिने नफ्याने चालायचं ठरलं, आणि फेब्रुवारी १९८८ मध्ये एका झटक्यात ४३२ टपाल कार्यालयं बंद झाली. दरातली आतल्या आतली भरपाई अपारदर्शक असते, पण दरवर्षी कुणाच्या मर्जीवर नसते.

म्हणून मला दोन्ही हवं आहे. देशभर एक दर आणि सगळीकडे सेवा, हे बंधन कायद्यात. त्याचा खर्च किती, ते नियामकाने दरवर्षी मोजून जाहीर करावं. आणि त्या खर्चात बटवडा करणाऱ्याची पूर्ण दिवसाची मजुरी धरलेली असावी, मग तो कामावर चार तासांचा असो की आठ.

बटवडा_२२, तुम्हाला एक विचारायचं राहिलं. बीट जोडल्या गेल्यावर चालायचा क्रम नव्याने कोण ठरवतं? पोस्टमनला विचारतात, की नकाशावर वरूनच येतो?

---

बटवडा_२२

माझ्या वेळी वरून यायचा. पहिल्या दिवशी आम्ही तो कागद खिशात घालायचो आणि जुन्या पोस्टमनला बरोबर घेऊन निघायचो. कुठला जिना बंद असतो, कुणाला ऐकू कमी येतं म्हणून दोनदा कडी वाजवायची, कुठे कुत्रं मोकळं असतं, हे तो चालता चालता सांगायचा. संध्याकाळपर्यंत कागदावरचा क्रम आम्ही पेन्सिलने बदललेला असायचा. पुढे तोच चालायचा.